गटाची अध्यक्ष झालीस ना, मग एवढं ऐक

अगं, बचत गटात 10 ते 20 जणी. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब ही पंचसूत्री तुला ताई शिकवतीलच. मी सांगते ते बसण्याचं. सतरंजीवर गोल बसा, तू खुर्ची घेऊ नकोस. पैसे सगळ्यांसमोर मोजा, वही मोठ्याने वाचा, म्हणजे कुजबुज होत नाही. पण हप्ता चुकलेलीला चारचौघींत विचारू नकोस, संध्याकाळी तिच्या घरी जा. माझे मालक गेले तेव्हा मी तीन बैठकांना फिरकले नाही. गटातल्या दोघी आल्या, चुलीवर भाकरी टाकून गेल्या, कर्जाचं नावही काढलं नाही. चौथ्या बैठकीला मी आपणहून गेले. आणि हो, अंगठा लावणारीला शेजारी बसव. तिला सही शिकायची असते.