लाल पिशवीतली सुई

प्रश्न : धंतोलीतल्या खासगी दवाखान्यात मी ठेकेदाराकडून सफाईला आहे. कचऱ्याची लाल पिशवी बांधताना सुई बोटात घुसली. सुपरवायझर म्हणतो, डेटॉल लाव, काही होत नाही. काय करू? – एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, डेटॉल नको, स्पिरिटही नको. बोट पिळू नका, चोखू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि तडक कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग, गाठा. तिथे सोय नसेल तर मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, जा. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या शक्यतो 2 तासांत सुरू व्हाव्यात. 72 तासांनंतर देत नाहीत. कोर्स 28 दिवसांचा. मळमळलं तरी मधेच सोडू नका. खरी भीती हिपॅटायटिस बीची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची. लस झाली नसेल तर पहिला डोस लगेच, पुढचे 1 आणि 6 महिन्यांनी. डॉक्टरांना इम्युनोग्लोब्युलिनचंही (तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनचं) विचारा.

चूक तुमची नाही. सुईची जागा पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, आणि तोही पाऊण भरला की बंद. वॉर्डातून ती लाल पिशवीत आलीच कशी? सुई टोचल्याची रजिस्टरमध्ये नोंद करवून घ्या. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला, ठेक्यावरच्यालाही, हिपॅटायटिस बीची लस देणं दवाखान्याचं काम आहे.

आणि हो, रबरी हातमोज्यातून सुई आरपार जाते. पिशवी दाबू नका; गळ्याशी धरून, पायापासून लांब न्या.