फिनवरचा आकडा सोडा, आधी फोटोची तारीख पक्की करा

तुमचे दोन्ही फोटो पाहिले आणि माझी जुनी जखम भळभळली. जहाजतोडणीच्या धक्क्याला दोन गंजक्या पाणबुड्या, जवळच्या पाणबुडीच्या फिनवर, म्हणजे पाठीवरच्या उभ्या मनोऱ्यावर, पुसट तीन आकडी नंबर, आणि तुमचा प्रश्न : "हा नंबर शोधला की दरवेळी भलतीच बोट निघते. मग ही आहे तरी कोणती?" हाच प्रश्न घेऊन मीही बसलो होतो. फरक एवढाच की तुम्ही चार दिवसांत विचारलंत, मी दोन वर्षं एकट्यानेच डोकं फोडलं.

आधीच सांगतो, मी नौदलातला नाही. मामा व्यापारी जहाजावर इंजिनियर होता, त्याच्या स्लाइड्सचे डबे माझ्याकडे आले आणि त्यातून हा नाद लागला. त्यामुळे इथे कुणी प्रत्यक्ष पाणबुडीवर राहिलेलं असेल तर त्यांचं ऐका, माझं नंतर.

तुमच्या जवळच्या बोटीबद्दल पटकन सांगून टाकतो. मागचं टोक पाण्याबाहेर आलंय आणि तिथे शाफ्टची, म्हणजे पंखे फिरवणाऱ्या दांड्यांची, तीन टोकं दिसतात. पंखे काढून नेलेत, पण टोकं आहेत. तीन शाफ्टच्या डिझेल पाणबुड्या फार थोड्या. लांबी नव्वद मीटरच्या आसपास वाटते, पुढे डेकवर सोनारचा (आवाजावरून पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्राचा) उंचवटा आहे, फिनला खिडक्या आहेत. माझ्या मते ही सोव्हिएत बनावटीची फॉक्सट्रॉट वर्गातली, म्हणजे प्रकल्प ६४१ या एकाच आराखड्यावर बांधलेल्यांपैकी. लांबी ९१ मीटरच्या वर, पुढे सहा आणि मागे चार टॉर्पेडो नळ्या. झुलू आणि टँगो या तिच्या थोरल्या-धाकट्या बहिणींनाही तीनच शाफ्ट असतात, म्हणून शंभर टक्के म्हणणार नाही. रोमिओ आणि व्हिस्की हे सोव्हिएत वर्ग मात्र नाहीत. त्यांना दोन शाफ्ट, आणि लांबी ७६-७७ मीटर.

फॉक्सट्रॉट आपल्याला परकी नाही. भारताने अशा आठ घेतल्या होत्या, पहिली कलवरी ८ डिसेंबर १९६७ ला दाखल झाली. लिबियाने सहा घेतल्या, क्युबाने तीन. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर 'कुरसुरा' संग्रहालय म्हणून उभी आहे. तिचे चहूबाजूंनी काढलेले फोटो मिळतील तेवढे जमवा आणि तुमच्या फोटोशेजारी ठेवा. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा ते शंभर पटींनी कामाचं.

आता त्या नंबराबद्दल. सोव्हिएत पाणबुड्यांच्या फिनवरचा आकडा म्हणजे तिचं नाव नव्हे. तिचा खरा क्रमांक वेगळा, बी, के, एस अशा एखाद्या अक्षराने सुरू होणारा. बाहेर रंगवलेला आकडा मधूनमधून बदलला जायचा, आणि तोही पाहणाऱ्याला पत्ता लागू नये म्हणूनच. अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला एक पाणबुडी संग्रहालय म्हणून ठेवली होती. लोक तिला 'ज्युलिएट ४८४' म्हणून ओळखायचे, खरी ती के-७७. एप्रिल २००७ च्या वादळात धक्क्यालाच बुडाली, पुढे वर काढून भंगारात गेली. ४८४ या आकड्यावरून तिचा सेवाकाळ शोधायला जाल तर हाती काहीच लागणार नाही.

आणि हे फक्त रशियनांचंच नाही. आपल्याकडे एस २१ म्हणजे जुनी करंज आणि एस २३ म्हणजे जुनी कलवरी. आता नव्या बोटींत एस २१ कलवरी आहे आणि एस २३ करंज! नावं तीच, आकडे तेच, फक्त अदलाबदल. जुन्या फोटोवर एस २१ वाचून कुणी 'कलवरी' लिहिलं तर त्याला दोष तरी काय देणार?

आता माझी चूक सांगतो, कारण तुमचा दुसरा फोटो बघून मला वाटतंय की तुम्हीही तिकडेच निघाला आहात. तुम्ही लिहिलंय, "मागे शिक्का आहे, त्यामुळे साल नक्की आहे." नाही हो. साल नक्की नाही.

माझ्या स्लाइडमध्ये दोन ब्रिटिश पाणबुड्या होत्या, एकमेकींना दोरखंडाने बांधलेल्या, एकीचं शेपूट आधीच कापलेलं. स्लाइड कोडॅक्रोमची (कोडॅकची रंगीत स्लाइड फिल्म), पुठ्ठ्याच्या चौकटीवर महिना आणि वर्ष छापलेलं. मी ते वर्ष वहीत ठळक लिहिलं आणि पुढचं सगळं त्यावर उभारलं. शेपूट शाबूत असलेली बोट टी वर्गातली, हे लवकर कळलं. बुडावर रिव्हेटच्या रांगा नव्हत्या, म्हणजे वेल्डिंग केलेली. फिन उंच आणि बंदिस्त. युद्धानंतर ब्रिटिशांनी टी वर्गातल्या आठ वेल्डेड बोटी मधोमध कापून, त्यांत १२ ते २० फुटांचा नवा तुकडा घालून लांब केल्या होत्या, त्यांतली ही एक. आठांपैकी टर्पिन, ट्रंचन आणि टोटेम या तिघी इस्रायलला विकल्या गेल्या. टोटेमची झाली दाकार, आणि ती जानेवारी १९६८ मध्ये ६९ माणसांसह बुडाली. अवशेष थेट १९९९ मध्ये सापडले. उरल्या पाच. इथपर्यंत मला फक्त तीन आठवडे लागले, आणि स्वतःवर इतका खूश झालो होतो की विचारू नका.

मग मी वहीतलं ते वर्ष घेतलं आणि पाचांपैकी ज्या बोटी त्या वर्षापर्यंत तुटून संपल्या होत्या त्या लाल पेनाने खोडल्या. उरलेल्यांशी दोन वर्षं झटापट केली. फिनचा उतार जुळेना, कवचावरच्या पाणी आत-बाहेर जाण्याच्या भोकांची रांग जुळेना. मी म्हणायचो, रीफिटमध्ये (गोदीतल्या मोठ्या दुरुस्तीत) बदललं असेल. मिळणाऱ्या प्रत्येक पुराव्याला मी असा काही ना काही खुलासा शोधला, पण त्या वर्षावर एकदाही शंका घेतली नाही.

मामेबहिणीला तिच्या लहानपणीच्या स्लाइड्स हव्या होत्या म्हणून डबा पुन्हा उपसला, तेव्हा लक्षात आलं. चौकटीवर शिक्क्याबरोबर फ्रेमचा क्रमांकही असतो. पाणबुड्यांची फ्रेम सहावी. आठव्या फ्रेममध्ये मामी, हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. एकतिसाव्या फ्रेममध्ये तेच बाळ खुर्चीला धरून उभं! रोल एकच, शिक्का एकच. म्हणजे मामाने रोल अर्धवट ठेवून वर्षभर कॅमेरा कपाटात ठेवला होता. शिक्का रोल धुतल्याचा, फोटो काढल्याचा नव्हे. हे कोडॅक्रोम वापरणाऱ्या कुठल्याही माणसाने मला एका वाक्यात सांगितलं असतं. मी कुणाला विचारलंच नाही. मामेबहिणीची जन्मतारीख घरात सगळ्यांना पाठ, आणि मी दोन वर्षं परदेशी कागद धुंडाळत होतो. लाल पेनाने खोडलेल्या बोटी परत यादीत घ्याव्या लागल्या, आणि भोकांची रांग पहिल्याच संध्याकाळी त्यांतल्या दोघींशी जुळली.

त्या दोघींतली नेमकी कोणती, हे अजून सुटलेलं नाही. नावं इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिली की सहा महिन्यांत कुठेतरी एक नाव 'खात्रीशीर' म्हणून फिरताना दिसेल. माझाच एक अर्धवट अंदाज असा फिरून माझ्याकडेच पुरावा म्हणून परत आला आहे.

आता थोडं मन मोकळं करतो, वाचायचं नसेल तर हा परिच्छेद गाळा. मधल्या काळात मी एका अभिलेख कार्यालयाला पत्र लिहिलं. नाव घेत नाही. फोटोची प्रत जोडली, बंदर लिहिलं, वर्ष लिहिलं (चुकीचं, कबूल), आणि विचारलं की या धक्क्याला त्या सुमारास कोणत्या पाणबुड्या आल्या होत्या. अकरा आठवड्यांनी छापील उत्तर आलं : नौकेचे नाव कळवल्यास शोध घेता येईल. अहो, नाव माहीत असतं तर तुम्हाला कशाला लिहिलं असतं? पुन्हा लिहिलं, तर फॉर्म जुना आहे म्हणून परत. तिसऱ्यांदा पैसे भरले, तेव्हा मी आधीच बाद केलेल्या बोटीच्या एका पानाची झेरॉक्स आली, तीही कडेला कापलेली. त्यांच्या नोंदी बोटीच्या नावाने लावलेल्या आहेत, धक्क्याच्या नाही, एवढं पहिल्याच पत्रात सांगितलं असतं तर माझे आठ महिने वाचले असते. माझं मत स्पष्ट आहे : हातात दोन-तीन नावं असल्याशिवाय अशा कार्यालयांच्या वाटेला जाऊ नका. नावं असतील तर मात्र प्रत्येक नावाचं पत्र वेगळं लिहा. इतरांना चांगला अनुभव आला असेल, माझं सगळ्यांना लागू नाही.

असो. तुमच्या फोटोकडे येतो.

वर्ग ओळखायच्या पुस्तकांचा एक दोष कुणी सांगत नाही. त्यातल्या आकृत्या पेरिस्कोप, मास्ट, सोनारचे घुमट यांवर भर देतात. तोडणारे हेच आधी काढतात, किंवा नौदल विकण्याआधीच काढून घेतं. तांबं, पितळ, शिसं आधी जातं, पोलाद शेवटी. म्हणून भंगारातली पाणबुडी ओळखायची तर जे शेवटपर्यंत टिकतं तिकडे बघा. माझा सगळ्यात जास्त भरवसा पाणी आत-बाहेर जाण्यासाठी कवचाला ठेवलेल्या भोकांवर. रांगा किती, लांबट की गोल, फिनखाली रांग तुटते का, नाकाजवळ कुठे थांबते. प्रत्येक वर्गाचा नमुना वेगळा, आणि एकाच वर्गातही बोटीबोटीत फरक सापडतो. कागदावर एकेक भोक काढत बसा. कंटाळवाणं आहे, पण माझा गुंता त्यानेच सोडवला.

शाफ्ट किती, हायड्रोप्लेन (बोट वर-खाली वळवणारे आडवे पंख) नाकावर आहेत की फिनवर, मागच्या टोकाला टॉर्पेडो नळ्यांची झाकणं आहेत का, हे तुम्ही बघितलं असेलच.

लांबी मोजताना सांभाळा. बॅटऱ्या आणि शिशाचं वजन काढलेली बोट पाण्यावर खूप वर येते, नेहमी पाण्याखाली असणारा भाग उघडा पडतो आणि ती आहे त्यापेक्षा थोराड दिसते. म्हणून मी मीटर मोजत नाही, प्रमाण मोजतो : नाकापासून फिनपर्यंतचं अंतर एकूण लांबीच्या किती पट. मीटर हवेच असतील तर नाकाजवळचे डूब दाखवणारे आकडे शोधा. फुटांतले आकडे साधारणपणे सहा इंच उंच रंगवतात, मेट्रिकमधले दहा सेंटिमीटर. म्हणजे फोटोत आयती पट्टी मिळते, आणि आकडे फुटांत की मीटरमध्ये यावरून बोट कुठल्या देशाची याचाही थोडा अंदाज येतो.

अणुपाणबुडी असेल का, असं खाली एकांनी विचारलंय. खासगी भंगाराच्या धक्क्याला? जवळजवळ अशक्य. ब्रिटनच्या रोसाइथ आणि डेव्हनपोर्टला वर्षानुवर्षं पडून आहेत, अमेरिका ब्रेमर्टनच्या सरकारी गोदीत तोडते आणि अणुभट्टीचे कप्पे हॅनफर्डला पुरते. अशा बोटी भंगारवाल्याला विकत नाहीत.

जाता जाता स्लाइडवाल्यांसाठी. स्कॅन करताना नुसतं चित्र नको, चौकटीच्या दोन्ही बाजू घ्या. स्लाइड उलटी बसली तर डावं-उजवं बदलतं आणि तुम्ही नसलेला फरक शोधत बसता. फोटोत कुठलंही अक्षर दिसत असेल, अगदी क्रेनवरचं, तर आधी ते सुलटं वाचता येतं का बघा. आणि धक्का अजून चालू असेल तर कुंपण ओलांडून आत जाऊ नका. जुन्या बोटींत ॲस्बेस्टॉस असतं, डेकचे पत्रे कुजलेले असतात, आणि नौदलाच्या हद्दीत फोटो काढणं वेगळीच भानगड होऊन बसते.

तुमच्या फोटोतली मागची पाणबुडी क्रेनआड आहे. पुढचे हायड्रोप्लेन वर दुमडल्यासारखे वाटतात, ओबेरॉन वर्गात तसे असतात, पण एवढ्यावरून मी बोलणार नाही. ओबेरॉन एकूण २७ बनल्या आणि ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, ब्राझील, चिली अशा पाच देशांत विखुरल्या, त्यामुळे चूक करायला वाव भरपूर. त्याच पाकिटातले बाकीचे फोटो, पाणबुडी नसलेलेही, क्रमाने इथे टाका. मागच्या बाजूंसकट. निगेटिव्हची पट्टी सापडली तर कडेचे फ्रेम क्रमांक दिसतील असा फोटो काढा, आणि तोवर तो शिक्क्यातला महिना वहीत पेन्सिलनेच लिहा.