रस्सा बंद करायचा का?

"मॅडम, यांना रस्सा बंद करायला सांगा एकदाचा." काकू खुर्चीत टेकायच्या आधीच बोलल्या. काका मान खाली घालून बसलेले. माणूस कोल्हापूरचा, वय ५६, मधुमेह निघून आठ महिने झालेले. रस्सा सोडायचा का, हा प्रश्न आहारतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे सारखा येतो.

घरात दोन स्वयंपाक चालू होते. काकांना उकडलेला दुधी, बाकीच्यांना तांबडा-पांढरा. काका रविवारी हळूच रस्सा घ्यायचे आणि त्याची भरपाई म्हणून सोमवारी सकाळचा नाश्ता टाळायचे. गोळी मात्र घ्यायचे. एकदा अकराच्या सुमारास हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला. मला धसका बसला तो याचाच. पोटात काही नसताना काही गोळ्यांनी साखर धोकादायक खाली जाते. हे कळलं त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं.

मग काकूंना विचारलं, ताट कसं वाढता? त्यांनी टेबलावर हातानंच दाखवलं: भाताचा ढीग, मधे खळगा, त्यात रस्सा, संपला की पुन्हा भात. तांबड्यात सुकं खोबरं, तीळ, खसखस. पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू. मटणात कर्बोदकं जवळजवळ नाहीतच. साखर चढवत होता तो भात, आणि रस्सा झणझणीत म्हणून भात किती पोटात जातोय ते कळतच नव्हतं.

दोन रविवार जेवणानंतरची साखर घरच्या ग्लुकोमीटरवर मोजायची ठरवली. पहिल्या रविवारी नेहमीसारखं जेवण: दोन तासांनी २५४. दुसऱ्या रविवारी आधी कांदा-काकडी, मग सुकं मटण, एकच ज्वारीची भाकरी, वरची तर्री काढून दोन वाट्या रस्सा, शेवटी अर्धी वाटी भात आणि वीस मिनिटं फेरफटका. दोन तासांनी १७२. साधारणपणे आम्ही १८० च्या आत धरतो. खोबऱ्या-तेलाच्या जेवणानं साखर उशिराही चढते, म्हणून चार तासांनी पुन्हा बोट टोचायला लावलं: १६१. भाकरीही धान्याचीच, ती मोजूनच, हे मी दोनदा बजावलं. ज्यांच्या किडनीला त्रास आहे त्यांनी मटणाचं आधी डॉक्टरांना विचारावं.

काकू वहीतल्या त्या आकड्यांवर बोट ठेवून बराच वेळ बसल्या. मग काकांकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे तो दुधी मी उगाचच शिजवत होते व्हय?"

आता त्यांच्याकडे रविवारी एकच पातेलं चढतं.