वहीतला हुकूम कोणाचा?

"मॅडम, मी विकृत आहे का?" मनातलं बोलायला माझ्याकडे येणाऱ्यांत, खुर्चीत नीट टेकायच्या आत हे विचारणारे बरेच असतात. त्यात लिहिणारे जास्त अस्वस्थ, कारण त्यांच्याकडे स्वतःच्या हस्ताक्षरातला पुरावा असतो.

ही चौतिशीची (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). दिवाळी अंकांतल्या तिच्या कथा सासूबाईही वाचत. एक वही मात्र कपाटात साड्यांखाली. तिच्यातली नायिका दर वेळी एका करड्या स्वभावाच्या पुरुषापुढे गुडघे टेकते, बोलणी खाते आणि तिला ते हवं असतं.

मी आधी विचारलं, "घरी कोणी हात उगारतं?" हे विचारल्याशिवाय मी पुढे जातच नाही. मारहाण आणि ओढ यांची गल्लत झाली की बाईचंच नुकसान होतं.

"छे हो! नवरा अगदी गरीब आहे."

बालपण उकरत बसणाऱ्यांतली मी नाही. मी वही मागितली. चौथ्या भेटीत वही आली. एका पानावर त्या पुरुषाचं वाक्य लाल पेनाने तीनदा खोडलेलं. मजकुरापेक्षा खाडाखोड मला नेहमीच जास्त सांगते.

"हे का खोडलंत?"

"तो इतक्यात चिडायला नको. तिला अजून ताटकळू दे."

"कोणी ठरवलं?"

"मीच की."

आणि ती थांबली. बराच वेळ त्या लाल रेघांकडे बघत राहिली. "म्हणजे तो माझ्या हुकमात आहे?"

मग मी तिला झाखर-माझोखची हकिकत सांगितली. या ऑस्ट्रियन लेखकाने 1869 मध्ये फॅनी पिस्टर या बाईशी स्वतःच्या सहा महिन्यांच्या गुलामीचा लेखी करार केला. तिने शक्यतो फरचा कोट घालावा, हे कलम. आणि गुलामाला रोज सहा तास कामासाठी मोकळे, त्याच्या लिखाणाकडे मालकिणीने बघायचं नाही, हेही! 1870 मध्ये त्यातून कादंबरी आली. 1890 मध्ये क्राफ्ट-एबिंग या मानसोपचारतज्ज्ञाने झाखर-माझोखच्या हयातीतच त्याचं नाव या ओढीला चिकटवलं, 'माझोख'वरून मॅसोकिझम. ती खळखळून हसली. पहिल्यांदाच.

अशी ओढ असणं हा आजार नाही. ती छळू लागली, झोप-काम बिघडलं, खरी इजा होऊ लागली किंवा 'थांब' म्हटल्यावर समोरचा थांबेनासा झाला, तर मात्र लगेच या. नुसतं कागदावर असेल तर वही फाडू नका. फाडणारे दोन महिन्यांनी नवी वही आणि दुप्पट अपराधीपणा घेऊन येतात.

"नवऱ्याला दाखवू?" तिने जाताना विचारलं.

"आधी कथा तर पुरी करा."

परवा तिचा फोन आला होता. तो पुरुष अजून चिडलेला नाही म्हणे.