आत्याबाईंच्या सेवापूर्ती समारंभाला जाताना

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

ज्यांच्या घरी राहून तू दहावीपर्यंत शिकलास, त्या तुझ्या आत्याबाई मालवण तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेतून ३१ मे रोजी निवृत्त होत आहेत हे वाचून आनंद झाला. तारखेचे तुला नवल वाटले, पण त्यात नवल काही नाही. जन्मतारीख महिन्याची पहिली असेल, तर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती होते. आणि घरी नेमकी तारीख ठाऊक नसल्यामुळे शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेली एक अख्खी पिढी आपल्याकडे असल्याने, वयाची ५८ वर्षे पूर्ण करून ३१ मे रोजी बाहेर पडणारे शिक्षक गावोगावी सापडतात.

या तारखेमुळे एक अडचण मात्र होते. त्या दिवशी शाळेला सुट्टी असते, मुले आजोळी गेलेली असतात आणि गाव चाकरमान्यांनी भरलेले असते. मंडप भरेल, पण ज्यांच्यासाठी त्या रोज वर्गात उभ्या राहिल्या ती मुले थोडीच दिसतील. तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीशी वडिलांनी आताच बोलावे आणि सुट्टी लागण्यापूर्वी, शक्य तर निकालाच्या दिवशी, कार्यक्रम घ्यावा असे सुचवावे. समितीने नाही म्हटले, तर आग्रह धरू नये.

कुटुंबीयांच्या वतीने दोन शब्द बोलण्याची पाळी तुझ्यावर येणार, आणि तीही सरपंच, केंद्रप्रमुख व माजी विद्यार्थी यांची भाषणे आटोपल्यावर, म्हणजे लोकांचे कान जेवणाच्या पंगतीकडे लागलेले असताना येणार. त्यागमूर्ती, ज्ञानदीप वगैरे विशेषणे तोवर वापरून संपलेली असतील. तू फक्त तेच सांग, जे घरातल्यांखेरीज कोणी पाहिलेले नाही: रात्री भांडी आवरून झाल्यावर स्वयंपाकघरातच बसून त्या दुसऱ्या दिवशीच्या पाठांचे टाचण कसे काढीत, आणि पावसाळ्यात ती टाचणवही दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून, वर रबर लावून, पर्समध्ये कशी ठेवीत. तीन मिनिटांत हे सांगून खाली बस. पटसंख्या घटल्याचे रडगाणे इतर वक्ते गातीलच. त्यात तू सूर मिसळू नकोस.

शाल आणि श्रीफळ नेऊ नकोस, त्यांचा ढीग होणारच आहे. ‘फंड किती मिळाला?’ हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. मला तो नेहमीच असभ्य वाटत आला आहे. आत्याबाईंनी आपण होऊन विषय काढला, तर मात्र कागद घेऊन शेजारी बस. निवृत्तिवेतनाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात आणि विकलेला भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो. ही रक्कम घ्यायची की नाही, हे त्यांनी ठरवावे, भाच्याने नव्हे. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, एवढे लक्षात ठेवलेस तरी पुष्कळ उपयोग होईल.

पण माझ्या मते तुझी खरी गरज समारंभाला नाही. मे महिन्यात घरी असणे शिक्षकाला नवे नसते. दरवर्षी उन्हाळ्याची सुट्टी असतेच. रिकामेपण जाणवते ते जूनच्या मध्यावर, शाळा भरते त्या सकाळी, जेव्हा शेजारची मुले नवी दप्तरे घेऊन दारावरून जातात आणि आपल्याला निघायचे नसते. त्या आठवड्यात तू तिथे असावेस. त्यांना लगेच तीर्थयात्रेला नेण्याचा बेत करू नकोस. पंचायत समितीत निवृत्तिवेतनाच्या प्रकरणासाठी खेटे घालावे लागतील, तिथे सोबत जा. मळ्यात भाताचा तरवा पेरलेला असेल, तो त्यांच्याबरोबर पाहून ये. दुपारी त्यांना झोपायचे असेल, तर झोपू दे.

यासाठी रजा एकदम न घेता दोन भागांत माग. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, म्हणजे जूनमधले कुडाळचे तिकीट तुला एप्रिलच्या मध्यावर काढता येईल. मेमधल्या गाडीला जागा न मिळाल्यास एसटीने जा, पण जूनचे तिकीट चुकवू नकोस.

तुझा हितचिंतक