रात्री डोक्यावरून गेलं ते कोण?

प्रश्न: आमचं घर निफाड तालुक्यात, द्राक्षबागेला लागून. नोव्हेंबरपासून जेवणं उरकून गच्चीत बसलं की डोक्यावरून ‘आँग, आँग’ असा नाकातला आवाज जातो. कधी शिट्टीसारखाही येतो. दिसत काहीच नाही. हे स्थलांतर करणारे पक्षी असतील का? मुलाने मोबाइलवर ॲप लावलं, त्याला काहीच ओळखता आलं नाही. – एक वाचक

उत्तर: ॲपवर रागवू नका. अंधारात उंचावरून गेलेल्या एका हाकेवरून माणसाचीही गडबड होते.

आधी घरचे आणि पाहुणे वेगळे काढू. शिट्टी बहुधा अडई या बदकाची. ‘सी-सिक, सी-सिक’ करत ती रात्रभर हिंडते, आणि ती इथलीच. एखादंच खरखरीत ‘क्वॉक’ आलं तर रातबगळा. टिटवीचं तर सांगूच नका. पहिल्या वर्षी मी तिला तीनदा लांबची पाहुणी म्हणून वहीत लिहिलं. शेजारचा कुत्रा सुटला की ती ओरडते, हे नंतर कळलं.

नाकातला आवाज मात्र खरंच लांबचा. चक्रवाक हे बदक किंवा पट्टकदंब हा रानहंस. पट्टकदंब हिमालय ओलांडून येतात, आणि नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य तर तुमच्या परसातलंच. पण म्हणून त्या रात्री ते प्रवासात आहेत असं नाही! ही मंडळी दिवसाचा बराच वेळ पाण्याकाठी आराम करतात आणि अंधार पडला की गहू-हरभऱ्यात चरायला निघतात. तुमच्या डोक्यावरून जाते ती बहुधा जेवणाची पंगत.

पंधरा दिवस वेळ आणि दिशा लिहून ठेवा. संध्याकाळी पाण्याकडून शिवाराकडे आणि पहाटे उलट, तर जेवण. मार्चमध्ये मात्र वारा पडलेल्या रात्री थवा सरळ उत्तरेला गेला, परत फिरला नाही, तर तो प्रवास असू शकतो. रात्री हवा गार नि संथ, अंग तापत नाही, ससाणेही झोपलेले. अंधारात चुकामूक नको म्हणून ते एकमेकांना हाका मारत जातात.

रेकॉर्डिंग करायचं तर बादलीच्या तळाशी स्पंज घाला, त्यावर मोबाइल माइक वर करून उभा करा. रस्त्याचा, पंपाचा आवाज बादली बराच अडवते. तोंडावर पातळ प्लास्टिक लावा, दव पडतं. मी ते विसरलो होतो, नवा फोन घ्यावा लागला. सकाळी संगणकावर ऑडॅसिटी या ध्वनी-सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचं चित्र काढून नजर फिरवा, आठ तास ऐकत बसू नका. माझ्या पहिल्या रात्री त्यात निघाले रातकिडे आणि टेम्पोच्या रिव्हर्सचा भोंगा.

आणि गच्चीतला दिवा बंद ठेवा. पावसाच्या तोंडावर नवरंग हा छोटा रंगीत पक्षी रात्रीचाच उडत येतो आणि उजेडाला फसतो. एकदा सकाळी आमच्या जिन्याखाली एक बसलेला सापडला, पंख मिटून, अगदी गप्प. भोकं पाडलेल्या बुटाच्या खोक्यात ठेवला, संध्याकाळी पेरूखाली उघडला. दोन उड्या मारल्या आणि गेला.