गुलमोहर पाडू की सासूबाईंना समजावू?

प्रश्न: आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. गेटबाहेर सासऱ्यांनी लावलेला गुलमोहर आहे, ते आता नाहीत. गेल्या वळवाच्या पावसात त्याची मोठी फांदी बरोब्बर यांच्या बाईकवर पडली. यांची अंबडच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर नोकरी, दर वेळी रिन्यू होईल की नाही याचं टेन्शन, त्यात रात्री वारा सुटला की मी टक्क जागी. शेजारचे म्हणतात, बुंध्यात गुपचूप अ‍ॅसिड ओता. सासूबाई म्हणतात, झाडाला हात लावाल तर मी जेवणार नाही. काय करू?

उत्तर: ताई, अ‍ॅसिडचं आधी डोक्यातून काढा. मेलेलं झाड लगेच पडत नाही, ते उभ्या उभ्या कुजतं आणि मग जिवंत झाडापेक्षा त्याचीच जास्त भीती, शिवाय शहरातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात जो १९७५ चा कायदा आहे, त्याने परवानगीशिवाय झाड तोडणं गुन्हा आहे, अगदी स्वतःच्या कंपाउंडमधलं असलं तरी.

आता गुलमोहर म्हणाल तर लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवर पसरलेली, म्हणजे तुमची भीती काही उगाच नाही. पण फांद्यांकडे बघून घाबरण्याआधी बुंध्याशी बसा. खाली अळंबीसारखे पापुद्रे फुटलेत का? झाड ज्या बाजूला कललंय त्याच्या उलट बाजूची माती उचललीये, भेगाळलीये का? लाकडी दांड्याने ठोकलं की पोकळ, भद्द आवाज येतो का? यातलं काही दिसलं तर फोटो काढा आणि महापालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी अर्ज करा, पोच घ्यायला विसरू नका. काही नसेल तर जड फांद्या हलक्या करायची परवानगी मागा, पण पावसाच्या आधी. आणि सगळीकडून सारख्या, हे महत्त्वाचं! मी एकदा आमच्याकडे वायरच्या बाजूच्याच फांद्या काढायला लावल्या होत्या, झाड दुसऱ्या बाजूला असं झुकलं की अजून त्याच्याकडे बघायची लाज वाटते.

बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक असतील तर निदान हातभर जागा मोकळी करून घ्या, मुळांना पाणी आणि हवा दोन्ही लागतात.

सासूबाईंना समजावायला जाऊ नका. त्यांना विचारा, रोप कुठून आणलं होतं, कोण पाणी घालायचं. झाडाची माहिती त्यांच्याकडून घ्या, अर्जावर सहीसुद्धा त्यांचीच घ्या, बघा सूर बदलतो का. खालच्या चपट्या शेंगांतल्या बिया गरम पाण्यात रात्रभर भिजवून दुधाच्या पिशवीत लावायला दिल्या तर त्या नाही म्हणणार नाहीत, फक्त ते रोप पुढे मोकळ्या मैदानात गेलं पाहिजे, परत गेटला नको.

यांच्या नोकरीचं मी इथे बसून काय सांगणार. पण वारा सुटला की बाईक कोपऱ्यावर लावा, आणि सासूबाईंची खाट रस्त्याकडच्या खोलीतून मागे घ्या. आधी नाही म्हणतील. चहा मागच्या खोलीत द्या, आपोआप येतील.